शाळेतली पुस्तकबंदी आणि अमेरिकेचं पक्षीय राजकारण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत ज्यांची मुलं शाळेत जातात असे मराठी पालक आणि भारतात बसून या बातम्या वाचणारे त्यांचे आईवडील सतत जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. कायदे राज्यागणिक बदलतात आणि नियम तर डिस्ट्रिक्टगणिक. त्यामुळे काहीही करण्याआधी आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) वेबसाइटवरचं लायब्ररी धोरण उघडून वाचा.

१. पुस्तकावर ‘बंदी’ आली म्हणजे ते दुकानातही मिळत नाही का?

मिळतं. दुकानात, ऑनलाइन आणि बहुतेक वेळा गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयातही मिळतं. बातमीत ‘बंदी’ हा एकच शब्द असला तरी त्याखाली चार वेगळ्या गोष्टी येतात. शाळेच्या लायब्ररीतून पुस्तक कायमचं काढणं, चौकशी संपेपर्यंत बाजूला ठेवणं, ठरावीक इयत्तांनाच किंवा पालकांच्या लेखी परवानगीनेच देणं, आणि लायब्ररीत राहू देऊन फक्त अभ्यासक्रमातून वगळणं. मुलाच्या शाळेबद्दल अशी बातमी आली तर या चारांपैकी काय झालं ते आधी विचारा. पुढचे सगळे मार्ग त्यावर ठरतात.

भारतातली बंदी वेगळी. तिथे राज्य सरकार अधिसूचना काढून पुस्तकाच्या सगळ्या प्रती जप्त करू शकतं. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ खाली व्हायचं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली होतं. महाराष्ट्राने २००४ मध्ये जेम्स लेन यांच्या शिवचरित्रावर घातलेली बंदी अशीच राज्यभराची होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती २००७ मध्ये उठवली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. अमेरिकेतल्या वादात सरकार प्रकाशकाला हात लावत नाही. भांडण असतं ते सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळेच्या कपाटावरून.

२. हा निर्णय घेतं कोण? राष्ट्राध्यक्ष एखादं पुस्तक शाळेतून काढू शकतो का?

साधारण सार्वजनिक, म्हणजे सरकारी शाळेतून नाही. देशात तेरा हजारांच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. प्रत्येकाचं बोर्ड, बहुतेक ठिकाणी निवडून आलेलं, राज्याच्या कायद्याच्या चौकटीत निर्णय घेतं. केंद्रीय शिक्षण खातं १९७९ च्या ज्या कायद्याने स्थापन झालं, त्याच कायद्यात लिहून ठेवलंय की खात्याने पाठ्यपुस्तकांच्या किंवा लायब्ररीतल्या साहित्याच्या निवडीवर नियंत्रण ठेवायचं नाही.

तरी राष्ट्राध्यक्षाच्या हातात तीन गोष्टी राहतात. पहिली, नागरी हक्कांच्या तक्रारी. जॉर्जियातल्या फोर्साइथ काउंटीत पुस्तकं काढल्यामुळे काही विद्यार्थ्यांसाठी शाळेतलं वातावरण प्रतिकूल झालं असावं, असं बायडन प्रशासनाच्या शिक्षण खात्याने २०२३ मध्ये म्हटलं आणि डिस्ट्रिक्टशी समझोता केला. ट्रम्प पुन्हा सत्तेवर आल्यावर २४ जानेवारी २०२५ रोजी याच खात्याने अशा ११ तक्रारी निकालात काढल्या आणि पुस्तकबंदीवर लक्ष ठेवण्यासाठी निर्माण केलेलं पद रद्द केलं. दुसरी गोष्ट म्हणजे लष्करी कुटुंबांच्या शाळा. त्या संरक्षण खातं चालवतं, तिथे वरून आलेला आदेश थेट लागू होतो. २०२५ मध्ये तिथली पुस्तकं काढली गेली, विद्यार्थी न्यायालयात गेले, आणि ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी पाच शाळांत ती परत ठेवायला सांगितली. तिसरी गोष्ट न्यायाधीशांच्या नेमणुका. तिचा परिणाम सर्वात उशिरा दिसतो आणि सर्वात जास्त टिकतो (प्रश्न ७).

३. राष्ट्राध्यक्षाचा एवढा कमी संबंध असेल तर निवडणुकीत हा विषय का गाजतो?

शाळा आणि मुलं म्हटलं की मतदार लगेच कान टवकारतो, आणि एका राज्यात हे आधीच सिद्ध झालं होतं. व्हर्जिनियात २०१६ आणि २०१७ मध्ये एक विधेयक आलं. वर्गात लैंगिक मजकूर असलेलं पुस्तक शिकवायचं असेल तर पालकांना आधी कळवा आणि मागितल्यास पर्याय द्या, एवढंच त्यात होतं. वाद टोनी मॉरिसन यांच्या ‘बिलव्हेड’ या कादंबरीवरून पेटला होता. गव्हर्नर टेरी मॅकॉलिफ यांनी दोन्ही वेळा नकाराधिकार वापरला. २०२१ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. शाळेने काय शिकवावं हे पालकांनी सांगू नये, अशा अर्थाचं वाक्य चर्चेत त्यांच्या तोंडून गेलं. ग्लेन यंगकिन यांनी ते उचललं, पालकांचे हक्क हा प्रचाराचा मुद्दा केला आणि निवडणूक जिंकली. त्या निकालामागे इतरही कारणं होती, पण दोन्ही पक्षांच्या प्रचार सल्लागारांनी धडा हाच घेतला.

मग फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डीसँटिस याच मुद्द्याच्या जोरावर राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले. फ्लोरिडात २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘मॉम्स फॉर लिबर्टी’ या पालकांच्या पुराणमतवादी संघटनेच्या २०२३ च्या फिलाडेल्फिया मेळाव्यात ट्रम्प आणि डीसँटिस दोघेही बोलले. पलीकडे बायडन यांनी एप्रिल २०२३ मध्ये उमेदवारी जाहीर करणाऱ्या चित्रफितीतच पुस्तकबंदीचा उल्लेख केला. जुलै २०२४ मध्ये कमला हॅरिस यांनी शिक्षक संघटनेच्या व्यासपीठावर सांगितलं की आम्हाला लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी हवी आहे आणि त्यांना पुस्तकांवर. त्यांच्यासोबतचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ यांनी मिनेसोटाचे गव्हर्नर म्हणून त्याच वर्षी पुस्तकबंदीला आळा घालणाऱ्या कायद्यावर सही केली होती. रिपब्लिकन जाहीरनाम्यात पालकांचे हक्क, वंश आणि लिंगभाव यांविषयी ‘अयोग्य’ मजकूर शिकवणाऱ्या शाळांचा केंद्रीय निधी रोखणं आणि शिक्षण खातंच बंद करणं हे मुद्दे होते.

प्रचारात दोन्हीकडून देशव्यापी चित्र रंगवलं जातं. तुमच्या शाळेत काय राहील ते ठरवणारी बैठक मात्र डिस्ट्रिक्टच्या सभागृहात होते, आणि पुष्कळदा तिथे अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात.

४. म्हणजे रिपब्लिकन बंदीच्या बाजूचे आणि डेमोक्रॅट विरोधातले, असं समजायचं का?

राज्यांच्या कायद्यांपुरतं ते बरंचसं खरं आहे (प्रश्न ६). मतदारांना लावायला गेलात तर चुकतं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने मार्च २०२२ मध्ये घेतलेल्या पाहणीत सार्वजनिक ग्रंथालयांतून पुस्तकं काढण्याला ७१ टक्के मतदारांचा विरोध होता. रिपब्लिकनांमध्ये हे प्रमाण ७० टक्के आणि डेमोक्रॅटांमध्ये ७५ टक्के होतं. पाहणी ग्रंथालयांच्या संघटनेची होती आणि प्रश्न सार्वजनिक ग्रंथालयांबद्दल होता, हेही लक्षात ठेवा. प्राथमिक शाळेच्या लायब्ररीत काय असावं असं विचारलं की उत्तरं बदलतात.

डावीकडूनही पुस्तकं हटली आहेत. कॅलिफोर्नियातल्या बरबँकमध्ये २०२० साली ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ आणि ‘हकलबरी फिन’सह काही पुस्तकं सक्तीच्या वाचनातून काढली. वॉशिंग्टन राज्यातल्या मकिल्टिओने २०२२ मध्ये ‘मॉकिंगबर्ड’ नववीच्या सक्तीच्या यादीतून काढलं. कारण होतं त्यातले वर्णद्वेषी शब्द आणि त्यांचा कृष्णवर्णीय मुलांना होणारा त्रास. फरक असा की ही पुस्तकं लायब्ररीतून गेली नाहीत, आणि मकिल्टिओत तर शिक्षकाला शिकवायलाही मनाई नव्हती.

दोन्ही बाजूंचं म्हणणं त्यांच्या चांगल्या रूपात ऐकायला हवं. एक बाजू म्हणते, दहा वर्षांच्या मुलाच्या हाती शाळा काय देते ते पालकाला कळलंच पाहिजे, आणि सरकारी पैशाने घेतलेलं प्रत्येक पुस्तक ठेवायला शाळा बांधील नाही. दुसरी म्हणते, एका पालकाच्या हरकतीमुळे बाकी सगळ्यांच्या मुलांचं पुस्तक जाता कामा नये, आणि काढलेल्या पुस्तकांत समलिंगी आणि कृष्णवर्णीय पात्रांची पुस्तकं इतकी का असतात याचं उत्तर द्या. आमचं मत स्पष्ट आहे. स्वतःच्या मुलापुरता पालकाचा हक्क पूर्ण मानावा. सगळ्यांसाठी पुस्तक काढायचं असेल तर आधी ते अख्खं वाचलं गेलं पाहिजे आणि कारण लेखी दिलं गेलं पाहिजे.

५. बंदीचे आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे का दिसतात?

मोजणारे दोन आहेत आणि ते वेगळ्या गोष्टी मोजतात. पेन अमेरिका ही लेखकांची संघटना शाळांमधली प्रकरणं मोजते. एकच पुस्तक वीस डिस्ट्रिक्टमधून गेलं तर ती वीस प्रकरणं होतात, आणि चौकशीपुरतं बाजूला ठेवलेलंही धरलं जातं. या पद्धतीने २०२३-२४ मध्ये १०,०४६ प्रकरणं आणि ४,२३१ वेगवेगळी पुस्तकं झाली. पुढच्या वर्षी ६,८७० प्रकरणं, त्यांत फ्लोरिडा पहिला. लायब्ररी असोसिएशन शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालयं दोन्हींतल्या मागण्या मोजते, मग पुस्तक गेलं असो वा राहिलेलं असो. २०२४ साठी त्यांचा आकडा ८२१ प्रयत्न आणि २,४५२ पुस्तकं. त्यांतल्या ७२ टक्के मागण्या संघटित गट, अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांच्याकडून आल्या, पालकांकडून १६ टक्के.

दोन संस्थांचे आकडे एका वाक्यात जोडलेले दिसले तर ते फॉरवर्ड करू नका.

६. आमच्या राज्यात काय नियम आहे?

सगळी राज्यं इथे मावणार नाहीत. मराठी कुटुंबं विचारतात ती आणि जिथला कायदा वेगळ्या धाटणीचा आहे ती घेतो.

फ्लोरिडा: २०२३ च्या कायद्यानुसार लैंगिक मजकुराची हरकत आली की पुस्तक शाळेच्या पाच दिवसांत कपाटातून निघतं आणि निकाल लागेपर्यंत बाहेरच राहतं. हरकत पालक घेऊ शकतो, तसाच काउंटीतला कुणीही रहिवासी. याच कायद्यातली एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते. पालक बोर्डाच्या बैठकीत उतारा मोठ्याने वाचू लागला आणि मजकूर अश्लील म्हणून बोर्डाने त्याला थांबवलं, तर ते पुस्तक बंद करावं लागतं. हरकतींचा इतका ढीग पडला की २०२४ मध्ये डीसँटिस यांनीच दुरुस्तीवर सही केली. शाळेत मूल नसलेल्या रहिवाशाला आता महिन्याला एकच हरकत घेता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय जिल्हा न्यायाधीशांनी मूळ कायद्याचा लैंगिक वर्णनाविषयीचा भाग घटनाबाह्य ठरवला आणि राज्याने अपील केलं.

टेक्सास: २०२३ च्या कायद्याने पुस्तकविक्रेत्यांनाच पुस्तकांचं वर्गीकरण करायला लावलं होतं. तो भाग अपील न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये रोखला. २०२५ च्या नव्या कायद्याने लायब्ररीतल्या खरेदीचा अधिकार बोर्डाच्या हाती दिला आणि पालकांच्या सल्लागार समित्यांची तरतूद केली. आपल्या मुलाला कोणती पुस्तकं देऊ नयेत याची यादी पालक शाळेला देऊ शकतो.

न्यू जर्सी: गव्हर्नर मर्फी यांनी ९ डिसेंबर २०२४ रोजी सही केलेला कायदा उलट्या दिशेचा आहे. लेखकाची पार्श्वभूमी किंवा पुस्तकातले विचार यांवरून पुस्तक काढता येत नाही, आणि ग्रंथपालाला कायदेशीर संरक्षण मिळतं. पुनर्विचार चालू असताना पुस्तक कपाटातच राहतं. फ्लोरिडाशी खरा फरक इथे पडतो, कारण चौकशी लांबली की बाजूला ठेवलेलं पुस्तक कुणी न काढताच गेलेलं असतं.

इलिनॉय: २०२३ मध्ये असा कायदा करणारं पहिलं राज्य. पुस्तकबंदीविरोधी धोरण स्वीकारलं नाही तर ग्रंथालयाचं राज्य अनुदान जातं. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी आपला कायदा केला.

यूटा: २०२४ पासून तीन डिस्ट्रिक्टनी एखादं पुस्तक ठरावीक निकषांवर काढलं की ते राज्यभरातल्या सार्वजनिक शाळांतून जातं. त्या ऑगस्टमधल्या पहिल्या यादीत १३ पुस्तकं होती.

७. अमेरिकेत अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे ना? मग न्यायालय हे थांबवत का नाही?

कधी थांबवतं, कधी नाही, आणि हल्ली ते तुम्ही कुठल्या राज्यात राहता यावर अवलंबून आहे.

मूळ निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, १९८२ चा; प्रकरण न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचं. आयलंड ट्रीज डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने नऊ पुस्तकं काढली. पालक आणि कर्मचारी यांची समिती बोर्डानेच नेमली होती, आणि तिच्या बऱ्याचशा शिफारशी त्यानेच बाजूला सारल्या. स्टीव्हन पिको या विद्यार्थ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी दावा लावला. केवळ त्यातले विचार आवडत नाहीत म्हणून बोर्डाने शाळेच्या लायब्ररीतून पुस्तक काढू नये, असं न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं. निकाल पाच विरुद्ध चार असा लागला, पण त्या पाचांचंही तत्त्वावर एकमत नव्हतं. तिथेच हा निकाल लंगडा राहिला. शिवाय पुस्तक अश्लील किंवा शैक्षणिकदृष्ट्या अयोग्य असेल तर काढायला मोकळीक आहेच. म्हणून आजची प्रत्येक हरकत ‘विचार’ हा शब्द टाळते आणि ‘अश्लील’ किंवा ‘वयाला अयोग्य’ म्हणते.

मे २०२५ मध्ये पाचव्या सर्किटच्या (केंद्रीय न्यायालयांच्या पाचव्या विभागाच्या) अपील न्यायालयाने टेक्सासच्या लॅनो काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या १७ पुस्तकांच्या प्रकरणात दहा विरुद्ध सात मतांनी सांगितलं की ग्रंथालयाने पुस्तक काढलं तर वाचकाला त्याविरुद्ध दाद मागता येत नाही. ग्रंथालयात काय ठेवायचं ही सरकारची स्वतःची अभिव्यक्ती आहे, असंही त्या दहांपैकी सात न्यायाधीशांनी म्हटलं. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला. त्यामुळे टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपीत हाच नियम आहे. आयोवा आणि मिनेसोटा ज्याच्याखाली येतात त्या आठव्या सर्किटने मात्र २०२४ मध्ये ‘सरकारी अभिव्यक्ती’चा युक्तिवाद मानला नव्हता.

८. पुस्तकात एकही लैंगिक प्रसंग असला की ते अश्लील ठरतं का?

कायद्याच्या व्याख्येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या मिलर निकालाची कसोटी अख्खं पुस्तक धरून लावायची असते, आणि त्याला गंभीर साहित्यिक, कलात्मक, राजकीय किंवा वैज्ञानिक मूल्य आहे का हे बघायचं असतं. अल्पवयीनांसाठी कसोटी थोडी कडक होते, पण पद्धत तीच. गडबड होते ती राज्याच्या कायद्यात ‘लैंगिक कृतीचं वर्णन’ एवढेच शब्द येतात आणि ‘अख्खं पुस्तक’ गळतं तेव्हा. यूटातल्या डेव्हिस डिस्ट्रिक्टमध्ये २०२२ च्या अखेरीस एकाने याच निकषावर बायबलवर हरकत घेतली. २०२३ मध्ये धाकट्या इयत्तांच्या शाळांतून बायबल निघालं आणि काही आठवड्यांत बोर्डाने ते परत ठेवलं. फ्लोरिडातल्या एस्कॅम्बियात तर शब्दकोशही तपासणीसाठी बाजूला काढले गेले. आयोवाच्या २०२३ च्या कायद्याने धर्मग्रंथांना स्पष्ट सूट दिली.

९. मला कुणाचं पुस्तक काढायचं नाही. फक्त माझ्या मुलाला ते नको आहे. काय करू?

ग्रंथपालाला ईमेल करा, मुख्याध्यापकांना प्रत पाठवा. मुलाचं नाव, इयत्ता, पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव आणि ‘हे पुस्तक याला देऊ नये’ एवढं पुरे. कारण द्यायची गरज नाही. लायब्ररीच्या संगणकात मुलाच्या खात्यावर नोंद होते. वर्षअखेरीस ती पुसली जाऊ शकते, म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा पाठवा.

वर्गात शिकवलं जाणारं पुस्तक असेल तर पर्यायी पुस्तक मागा, आणि ते धडा सुरू होण्याआधी मागा. हरकत धार्मिक असेल तर २७ जून २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुमच्या बाजूने आहे. मेरीलंडच्या मॉन्टगमेरी काउंटीतल्या मुस्लिम आणि ख्रिस्ती पालकांना समलिंगी पात्रांच्या गोष्टींच्या तासाला मुलांना बाहेर ठेवू द्यावं, असं न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं. हिंदू पालकांनाही तो तितकाच लागू आहे. पुस्तक वर्गातून काढा, असं मात्र त्या निकालात कुठेही नाही.

१०. हरकतीचा अर्ज कसा भरायचा? आणि पुस्तक वाचवायचं असेल तर बोर्डासमोर काय बोलायचं?

दोन्हींची तयारी एकच: पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा.

आधी ग्रंथपालाशी बोला. बरेच प्रश्न तिथेच, इयत्ता बदलून किंवा वरच्या इयत्तांपुरतं ठेवून सुटतात. नाही सुटला तर ‘पुनर्विचार अर्ज’ मागा. त्यात साधारणपणे विचारतात: पूर्ण वाचलंत का, कोणती पानं, हरकत काय, कोणत्या इयत्तेसाठी, काय व्हावं. ‘घाणेरडं आहे’ असं लिहिलेला अर्ज टिकत नाही. ‘पान ११४, दुसरा परिच्छेद, बलात्काराचं तपशीलवार वर्णन, सहावीसाठी अयोग्य, आठवीच्या वरच्या विद्यार्थ्यांना द्यावं’ असा अर्ज समितीला वाचावाच लागतो. समितीत सहसा मुख्याध्यापक, ग्रंथपाल, शिक्षक आणि पालक असतात. निर्णय लेखी मागा. अपील अधीक्षकांकडे आणि शेवटी बोर्डाकडे जातं.

बैठकीत बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात आणि नाव आधी नोंदवावं लागतं, काही ठिकाणी आदल्या दिवशीच. पहिल्या वाक्यात तुम्ही कोण आणि मूल कोणत्या शाळेत ते सांगा. दुसऱ्या वाक्यात पुस्तकाचं नाव आणि तुमची मागणी. मग धोरणाचं कलम. ट्रम्प, बायडन, हॅरिस यांची नावं घेऊ नका. नाव निघालं की निम्मे सदस्य ऐकणं बंद करतात, आणि राष्ट्राध्यक्षांचं कर्तृत्व त्या बोर्डाच्या विषयपत्रिकेवर नसतंच.

सर्वात जास्त चुकतं ते इथे: अर्ज येत नाही, समिती बसत नाही, एखादा अधिकारी फोन करतो आणि पुस्तक गायब होतं. तसा संशय आला तर राज्याच्या माहिती अधिकार कायद्याखाली त्या पुस्तकाबद्दलचे ईमेल मागा. केंद्राचा माहिती कायदा शाळांना लागू नाही. न्यू जर्सीत उत्तराची मुदत साधारण सात कामकाजी दिवस आहे, टेक्सासमध्ये दहा.

११. लायब्ररीने जुनी पुस्तकं बाद केली. ही छुपी बंदी समजायची का?

लगेच नाही. फाटलेली, कालबाह्य आणि वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं बाद करणं हे ग्रंथपालाचं नेहमीचं काम आहे. संशय घ्यायला जागा कधी आहे ते सांगतो. बाद झालेली सगळी एकाच विषयाची आहेत, त्यांतली काही नुकतीच वाचायला गेली होती, किंवा कुणाच्या तरी यादीनंतर आठवड्याभरात ती निघाली, तर कारण विचारा. लॅनोच्या खटल्यातही वाद याच मुद्द्यावर होता (प्रश्न ७).

१२. डॉ. स्यूस यांची पुस्तकं बंद झाली, ती बंदीच ना?

नाही. २०२१ मध्ये या बालसाहित्यिकाच्या पुस्तकांचे हक्क असलेल्या संस्थेने स्वतः सहा पुस्तकांची छपाई थांबवली. सरकारचा त्यात हात नव्हता.

१३. शाळेतून पुस्तक गेलं, पण मुलीला ते वाचायचं आहे.

सार्वजनिक ग्रंथालयात बघा. नसेल तर ब्रुकलिन पब्लिक लायब्ररी २०२२ पासून अमेरिकेत कुठेही राहणाऱ्या १३ ते २१ वयाच्या मुलांना ई-पुस्तकांचं मोफत कार्ड देते. अर्ज मुलीने स्वतः करायचा. स्वतःची प्रत दप्तरात नेण्याला सहसा मनाई नसते, तरी विद्यार्थी नियमावली बघून घ्या.

१४. मी एच-वन-बीवर आहे, बायको ग्रीन कार्डवर. स्कूल बोर्डासाठी मत देता येईल का?

जवळजवळ कुठेच नाही. ठळक अपवाद सॅन फ्रान्सिस्कोचा. २०१६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या तरतुदीनुसार तिथे मूल असलेले बिगरनागरिक पालक स्कूल बोर्डासाठी मत देऊ शकतात आणि २०२३ मध्ये अपील न्यायालयाने ते वैध ठरवलं. त्यासाठी वेगळा अर्ज असतो. नेहमीचा मतदार नोंदणी अर्ज चुकूनही भरू नका. त्यात नागरिक असल्याचं लिहून देणं तुमच्या व्हिसावर आणि पुढच्या नागरिकत्वावर बेतू शकतं. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर नोंदणीचा प्रश्न आला तर स्पष्ट ‘नाही’ म्हणा. नवा व्हिसाधारक असाल तर कुठलंही राजकीय पाऊल उचलण्याआधी वकिलाला विचारलेलं बरं.

मत नसलं तरी बैठकीत बोलणं, अर्ज देणं आणि समितीवर पालक म्हणून बसणं सहसा नागरिकत्वावर अवलंबून नसतं.

१५. आमच्या महाराष्ट्र मंडळाने स्कूल बोर्डाच्या उमेदवाराला पाठिंबा जाहीर केला तर?

मंडळाला ‘५०१ सी ३’ म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेचा दर्जा असेल तर करू नये. उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध करायला या संस्थांना १९५४ पासून मनाई आहे. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसलेली स्कूल बोर्डाची निवडणूकही त्यात येते. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर किंवा गणेशोत्सवाच्या मंचावरून अध्यक्षांनी पदाच्या नावाने केलेलं आवाहनही मंडळाचंच धरलं जाऊ शकतं. सगळ्या उमेदवारांना बोलावून सारखा वेळ देणारी सभा मात्र घेता येते. निमंत्रणं लेखी पाठवा आणि कुणी आलं नाही तरी त्यांची प्रत जपून ठेवा. पुस्तकांच्या धोरणावर मत मांडायलाही मर्यादेत परवानगी आहे, फक्त त्या पत्रात कुठल्याही उमेदवाराचं नाव येऊ देऊ नका.